वरच्या मजल्यावरचा दावा

पुंजातात्यांचा दावा मोठ्या कोर्टात कधीच नव्हता.

एवढं एक वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कोर्टाच्या बार रूममधल्या वकील मित्रांना नाही. तात्यांच्या दहाव्याला त्यांच्या गावी गेलो होतो, तिथं एक माणूस उभा राहून म्हणाला, "आमच्या तात्यांनी सिनियर कोर्टातून न्याय आणला," तेव्हा चार लोकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गंभीरपणे मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही. तोंड उघडायला लागतं, आणि ते मला कधी जमलं नाही. वकिलाच्या बाबतीत हे विचित्र वाटेल, पण आमच्या धंद्यातही न बोलणारे असतात.

ज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. दिवाणी दावा कुठं लावायचा हे वादीच्या हौसेवर नसतं. दाव्याची किंमत धरावी लागते. एका ठरावीक रकमेपर्यंतचा दावा कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशाकडे जातो, त्यावरचा वरिष्ठ स्तराच्या. काही दावे किंमत न बघता वरिष्ठांकडे जातात, उदाहरणार्थ सरकार त्यात पार्टी असेल तर. आणि कायद्याचा रोख असा की, जे सगळ्यात खालचं कोर्ट तो दावा चालवू शकतं, तिथंच तो लावा. सर्दी झाली म्हणून थेट हृदयाच्या डॉक्टरला गाठू नका, इतकी साधी गोष्ट आहे. ही साधी गोष्ट पुंजातात्यांना अपमानाची वाटली.

ते पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा माझी वकिली नवी होती आणि बार रूममधलं माझं टेबल दाराच्या मागं होतं. दार उघडलं की मी दिसेनासा होई. तात्यांनी दार उघडलं, खोलीभर नजर फिरवली, दार लोटलं आणि मग मी दिसलो. "हे बेस हाय," ते म्हणाले, "लपून बसलेला वकील मला लई आवडतो." उंच, काटक, साठीच्या पलीकडचे. टोपी इस्त्रीची, शर्टाच्या खिशाला पेन. हे पेन फक्त सहीसाठी असे, आणि सही उर्दूत. तात्यांची शाळा निजामाच्या काळातली. पोलिस अॅक्शन झाली, निजाम गेला, शाळेची भाषा बदलली, आणि त्याच आठवड्यात तात्यांनी शाळा सोडली. "मास्तर म्हनले, आता डावीकडून लिहा. मी म्हनलं, इतके दिवस उजवीकडून लिहिलं त्याचं काय?" मराठी अक्षरं त्यांना नंतरही वाचता आली नाहीत. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

त्यांचं गाव शेंद्र्याच्या पलीकडे. तात्यांचं शेत चुलतभाऊ कडुबाच्या शेतामागं होतं, आणि आजोबापासून बैलगाडी कडुबाच्या बांधावरून जायची. तात्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर चालू होता. गर्दीत कडुबाच्या वाट्याला टोपी आली, टॉवेल आला नाही. दुसऱ्या दिवशी बांधावर बाभळीच्या फांद्या पडल्या आणि आडवा चर खणला गेला.

"दावा लावायचा," तात्या म्हणाले. "पर मोठ्या कोर्टात."

"तात्या, वाटेचा दावा आहे. कनिष्ठ स्तरात लागेल."

"कनिष्ठ म्हंजी?"

"ज्युनियर."

"म्हंजी मुन्सफी," असं निजामाच्या काळातलं खालच्या कोर्टाचं नाव घेऊन ते उठलेच.

मी त्यांना हात धरून बसवलं, आणि मग कळलं की हे नुसतं आडमुठेपण नव्हतं. निजाम जाऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा तात्यांच्या वडिलांनी आंब्याच्या एका झाडाच्या वाट्यासाठी अर्ज केला होता. हाकिमानं अर्ज बघितला, झाडाची किंमत धरली आणि प्रकरण मुन्सफाकडे पाठवून दिलं. त्याच सुमारास कडुबाच्या वडिलांची जमिनीची मोठी केस जिल्ह्याच्या अदालतीत चालली होती. तेव्हापासून गावात एकाच भावकीची दोन घरं झाली. एक 'अदालतवाले', दुसरे 'मुन्सफीवाले'. आडनाव एक, देव्हारा एक, पण पत्ता विचारला की पोरंसोरं सांगत, "मुन्सफीवाल्यांचं व्हय? त्या लिंबापासून आत."

"सोयरिकीला गेलो वकीलसाहेब, तरी समोरचा पुसतो, तुमी त्यातले कोणते? आता कडुब्याला मुन्सफीत ओढलं, तर गाव म्हणंल, पुंजाबाची उडी तिथवरच."

मी किमतीचा मुद्दा सांगितला. ते म्हणाले, "मग किंमत वाढवा."

"वाटेची किती वाढवणार?"

"वाट हाय, पर तिच्यावरून काय काय गेलंय ते धरा. मपल्या बापाची वरात गेली. आजोबाची तिरडी गेली. दोन्ही पोरी सासरी त्याच वाटंनं गेल्या. त्याचं काहीच नाय व्हय?"

कायद्यात त्याचं काहीच नव्हतं. मी बोलण्याच्या ओघात म्हणालो की नुसती किंमत नाही, गुंतागुंतीचा दावा असला तरी तो वर जाऊ शकतो. हे म्हणायला नको होतं. पुढच्या सोमवारी तात्या गुंता घेऊन आले. बांधावरच्या बोरीचा वाद, विहिरीच्या पाळीचा वाद, कडुबाच्या कोंबड्यानं त्यांच्या अंगणात येऊन केलेला उपद्रव, आणि मधल्या धुऱ्यावर, म्हणजे सामाईक बांधावर, कुणाच्या तरी आजीनं पुरलेलं एक मडकं, ज्यात काय होतं ते कुणाला माहीत नव्हतं.

"एवढ्यात भागंल का अजून गुंता आणू?"

"तात्या, हे सगळं एका दाव्यात बसत नाही."

"मग सरकारला पार्टी करा. तुमीच म्हनला ना, सरकार आलं की मोठं कोर्ट."

"सरकारनं काय केलंय?"

"सरकारनं काय केलंय? सरकारनं काहीच केलं नाय, तेच तर म्हनतो मी!"

शेवटचा उपाय म्हणून मी सांगितलं की वाट अडवली तर तहसीलदाराकडेही जाता येतं, आणि तिथं लवकर निकाल लागतो. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. "तहसीलदार? तिथं लोक रेशनकार्डाला जातेत, साहेब." ते पुन्हा उठले. दाराकडे वळले. दार उघडलं असतं तर मी त्याच्यामागं गेलो असतो, आणि माझं पहिलं खरंखुरं दिवाणी प्रकरणही गेलं असतं.

"बसा," मी म्हणालो. "लावतो मी बरोबर."

बरोबर म्हणजे कायद्याप्रमाणे. मी दावा कनिष्ठ स्तरात लावला. खोटं असं काही बोललो नाही. 'मोठ्या कोर्टात लावतो' हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. तात्यांनी तसं धरून घेतलं, मी फक्त थांबवलं नाही. आणि बाकीचं काम इमारतीनं केलं.

आमच्या कोर्टाच्या जुन्या इमारतीत वरिष्ठ स्तराचे साहेब नेहमी वरच्या मजल्यावर बसत. पण त्या वर्षी आलेले साहेब गुडघ्यांनी जर्जर होते. जिना चढणं त्यांना अशक्य. म्हणून त्यांचं कोर्ट तळमजल्यावर आणलं आणि कनिष्ठ स्तराचं कोर्ट वर गेलं. पहिल्या तारखेला तात्या आले, खाली उभे राहिले, टोपी नीट केली आणि विचारलं, "वरच ना?"

"वर," मी म्हणालो. ते खरंच होतं.

तात्या ज्या पद्धतीनं तो जिना चढले तसं मी कुणाला चढताना पाहिलेलं नाही. कठड्याला हात न लावता, मान ताठ, प्रत्येक पायरीवर पूर्ण पाऊल. वर जाऊन त्यांनी कोर्टात बघितलं. न्यायाधीश बाई होत्या, नुकत्याच रुजू झालेल्या, वयानं माझ्याहून लहान. तात्या थक्क झाले. "एवढ्या लहान वयात एवढं मोठं कोर्ट! लई हुशार आसल बाई." मग जिन्यावरून वाकून त्यांनी खाली पाहिलं. तळमजल्यावर पिकल्या केसांचे वरिष्ठ साहेब काठी टेकत चेंबरकडे निघाले होते. "बिचारा," तात्या म्हणाले. "ह्या वयात बी खालीच ठिवलंय. बढती हुकली आसल."

त्यानंतर दर तारखेला ते तळमजल्यावरच्या पक्षकारांची चौकशी करू लागले. खाली कोट्यवधींच्या वाटणीचे दावे, बिल्डरांची प्रकरणं, मोटारीतून आलेली माणसं. तात्या त्यांच्याजवळ जाऊन आपुलकीनं म्हणत, "काय पाव्हनं, खालीच व्हय? होईल, होईल. धीर धरा." एकदा एका कारखानदाराला त्यांनी आपला चिवडा दिला. तो माणूस बावरून माझ्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेर बघत होतो. वर पट्टेवाल्यानं "पुंजाराम!" असा पुकारा केला की तात्या शाळेतल्या मुलासारखे हात वर करून म्हणत, "हाजिर!" बाई न्यायाधीश खाली बघून हसू दाबत. कागदावर जे येई ते वाचून दाखवायचं काम माझं. वाचताना 'कनिष्ठ स्तर' हे दोन शब्द मी गिळत असे. वारंवार गिळल्यावर त्याची सवय होते.

तुम्ही विचाराल, कडुबाला तर समन्स गेलं होतं, त्यावर कोर्टाचं नाव होतं, मग तो कसा गप्प राहिला? मलाही हा धाक होता. त्याचे वकील काझीसाहेब, वयानं तात्यांएवढे, शेरवानी घालणाऱ्या शेवटच्या काहींपैकी एक. पहिल्याच तारखेला त्यांनी मला व्हरांड्यात कोपऱ्यात घेतलं. "क्या मियाँ, तुम्हारे बुजुर्ग को बोले नै क्या, कौनसी अदालत है?" मी फायलीचा बंद आवळला. ते हसून म्हणाले, "मेरा वाला भी नै बोलता. अदालतवालों का लडका मुन्सफी में आया, ये किस मुँह से बोलेगा गाँव में?" म्हणजे कडुबाही गावात हेच सांगत होता की पुंजाबानं आपल्याला मोठ्या कोर्टात खेचलंय. दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, पण ही एक थाप दोघं मिळून सांभाळत होते, आणि त्यासाठी त्यांना बोलावं लागलं नाही.

तात्यांना आता सगळ्या जगाचे दावे दिसू लागले. जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर गेला तेव्हा मी बरोबर होतो. पारावर तात्या बसलेले, समोर दोन बाया कंबरेला पदर खोचून उभ्या. एकीच्या शेळीनं दुसरीची मेथी खाल्लेली.

"किंमत किती?" तात्यांनी विचारलं.

"एक वाफा गेला की ओ सगळा!"

"मग ज्युनियर. घरी मिटवा."

"तात्या, पर शेळी माझी एकटीची नाय," शेळीवाली म्हणाली. "पैसा सरूबाईचा, राखते मी. पिल्लं अर्धी अर्धी."

तात्या सरळ होऊन बसले. "म्हंजी मालक दोन? मग गुंता हाय. हे सिनियरचं झालं. सरूबाईला नोटीस गेल्याबिगर चालायचं नाय. पुढची तारीख सोमवार."

बाया गेल्या. तात्या मला म्हणाले, "सोमवारपर्यंत त्या एकमेकीकडं हळदीकुंकवाला जातेत, बघा. तारीख लई गुणाची." मला खरंच वाटतं, त्या काळात गावातली निम्मी भांडणं तात्यांनी 'ज्युनियर' म्हणून जागेवर लहान केली आणि उरलेली 'सिनियर' म्हणून लांबवून संपवली. लोकांना आपलं भांडण केवढं हे कुणीतरी सांगावं लागतं. तात्या सांगत.

"घरातबी हेच," मागून आवाज आला. तात्यांच्या बायको, गयामावशी. "आमटीत मीठ जास्त झालं की म्हणतेत, ज्युनियर हाय, मिटवून टाक. अन् पाणी शेंदा म्हनलं की म्हणतेत, हे मपल्या अधिकारात येत नाय."

त्या नाल्याच्या बाजूनं आल्या होत्या. डोक्यावर कडब्याचा भारा, इतका मोठा की खाली फक्त पाय दिसत. बांधावरची वाट बंद झाल्यापासून गाडी शेतात जात नव्हती. नाल्यातून गाडी जाऊ शकत नव्हती. माणूस जात होता. माणूस म्हणजे गयामावशी. तात्याही ओझी आणत, नाही असं नाही, पण तारखेच्या दिवशी त्यांना वेळ नसे, आदल्या दिवशी टोपीला इस्त्री असे, आणि नंतरचे दोन दिवस गावाला हकिगत सांगण्यात जात. मुली सासरी. खत, बियाणं, कडबा, कापूस, सगळं नाल्यातून, चढून, उतरून, मावशींच्या डोक्यावर.

कमिशनरनं मावशींना नाल्यातून वर येताना पाहिलं आणि वहीत लिहिलं: पर्यायी मार्ग उपलब्ध. त्या एका ओळीवर आमचा तात्पुरत्या हुकुमाचा अर्ज नामंजूर झाला. वाट निकाल लागेपर्यंत बंदच राहिली.

"हरलो का?" तात्यांनी विचारलं.

"नाही. अंतिम निकाल बाकी आहे."

"मोठ्या कोर्टात येळ लागतोच," त्यांनीच माझी समजूत घातली.

आता तो दिवस सांगायचा. तो टाळत टाळत मी इथवर आलोय.

साक्षी अजून सुरू झाल्या नव्हत्या. बाई न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "तुम्ही चुलतभाऊ. वाटेचंच तर आहे. समजुतीनं घ्या ना." काझीसाहेबांनी कडुबाच्या कानात काही सांगितलं. कडुबानं पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "बांधाच्या कडंनं गाडीपुरती जागा देतो. पर दावा वापस घ्यावा. अन् एक टॉवेल आणून द्यावा, लोकांसमोर."

कोर्टात सगळे हसले. बाईसुद्धा. तात्या हसले नाहीत. त्यांनी मला बाहेर, जिन्याजवळ बोलावलं. पहिल्यांदाच त्यांचा हात कठड्यावर होता.

"वकीलसाहेब, खरं सांगू? मला बी कटाळा आलाय. तुमची मावशी दमली. टॉवेलाचं काय, दोन देईन." मग आवाज खाली आणला. "पर कोर्ट हे पडलं मोठं. ह्या मजल्यावरून नुसती तडजोड घेऊन उतरलो तर कडुब्या गावात म्हणंल, मुन्सफीवाल्याला मोठं कोर्ट झेपलं नाय. हे लहान कोर्ट आसतं ना साहेब, आत्ता जाऊन सही केली आसती. तुमी सांगा, काय करू?"

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. तात्या, हे लहानच कोर्ट आहे. दोन पायऱ्या खाली काझीसाहेब पान लावत उभे होते, आणि त्यांनी हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. ते वाट बघत होते. त्यांनाही ते मिटायला हवं होतं.

मला आठवतं, मी त्या क्षणी तात्यांच्या गावाचा विचार करत होतो. तात्यांच्या शिफारशीवरून तिथले आणखी पक्षकार माझ्याकडे येऊ लागले होते. टेबल दारामागून खिडकीजवळ आलं होतं. सांगितलं तर हा माणूस चारचौघांत मला काय म्हणेल?

"तुमची मर्जी, तात्या," मी म्हणालो.

तात्यांनी टोपी नीट केली, आत गेले आणि म्हणाले, "बाईसाहेब, निकालच द्यावा." काझीसाहेबांनी पान तोंडात टाकलं आणि नंतर बरेच दिवस माझ्याशी फक्त हवामानावर बोलले.

निकाल लागायला कित्येक वर्षं गेली. बाईंची बदली झाली, दुसरे साहेब आले, पण वरचं कोर्ट वर आणि खालचं खालीच राहिलं; साक्षीदार आजारी पडले, एक साक्षीदार बरा होऊन उलटला. तात्यांची उलटतपासणी काझीसाहेबांनी घेतली, ती मात्र ऐकण्यासारखी होती.

"टॉवेल जाणूनबुजून दिला नाही, हे खरं आहे का?"

"खोटं हाय. टॉवेल संपले व्हते."

"मग टोपी कशी उरली?"

"डोकी कमी आली, हुजूर."

आणि अखेर तात्या जिंकले. आजोबापासूनची वाट, वहिवाटीचा हक्क शाबीत, अडथळा काढावा. मी निकाल वाचून दाखवला, दोन शब्द वगळून. तात्यांनी गावात बत्तासे वाटले. 'मुन्सफीवाले' हे नाव एका रात्रीत गेलं, पोरं 'सिनियरवाले' म्हणू लागली. कडुबानं अपील केलं नाही. काझीसाहेबांनी मला कारण सांगितलं: "अपील में लिखना पडता मियाँ, नीचे की अदालत कौनसी थी. वो बोला, रहने दो, रास्ता जाने दो, इज्जत रहने दो."

तात्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच वाटेवर. चर बुजला होता, बाभळी निघाल्या होत्या, आणि त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. रंगवलेल्या शिंगांचे बैल, धुतलेली गाडी. तात्या पुढं उभे, कासरा हातात, टोपी कडक. मागं गयामावशी बसल्या होत्या. गाडी बांधावर चढली तशी तात्या ओरडले, "बघ गं, कशी वाट हाय! बघ की वर!"

मावशींनी मान उचलायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यावर थांबली. ओझ्यांनी मानेचं काहीतरी कायमचं झालं होतं, डॉक्टरनं पट्टा दिला होता, तो काचतो म्हणून त्या घालत नसत. "दिसते की," त्या खालीच बघत म्हणाल्या. "चाकाखालची दिसते. झ्याक हाय." तात्या खदखदून हसले आणि बैलांना पुढं हाकललं. गाडी कापसाच्या पलीकडे जाईपर्यंत मला त्यांची पांढरी टोपी दिसत होती.

नंतर थोड्याच महिन्यांत ते गेले. वारसनोंदीच्या कागदांसाठी गयामावशी मुलीबरोबर माझ्याकडे आल्या. अंगठा उठवून झाला, चहा झाला. मुलगी झेरॉक्सला गेली. मावशी माझ्या टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाल्या, कारण त्याच्या वर त्यांना बघता येत नाही.

"साहेब, एक इचारू? त्या बाईसाहेबांनी समजुतीचं सांगितलं, त्या दिवशी हे घरी आले अन् म्हनले, वकीलसाहेबांना पुसलं, तेबी नको म्हनले. तुमी खरंच नको म्हनला व्हता व्हय?"

"जुनी गोष्ट झाली, मावशी," मी म्हणालो. "आता आठवत नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या. "लई दिस झाले."

मावशी आता धाकट्या मुलीकडे पुंडलिकनगरात राहतात. माझं घर त्याच भागात आहे. सकाळी त्या भिंतीला धरून हळूहळू चालतात, आणि मी समोरून आलो तर त्यांना माझे फक्त बूट दिसतात. त्या ओळखत नाहीत. मी बाजूनं निघून जातो.

मी नको म्हणालो नव्हतो. मी नुसतं 'तुमची मर्जी' म्हणालो होतो, आणि म्हणायला हवं ते मला माहीत होतं. हे गयामावशींना, त्यांच्या नजरेच्या उंचीवर जमिनीवर बसून सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.